ट्रॅक्टरावरील गाण्याचें यंत्र आणि बॅटरीचा जमाखर्च

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ह्या बाजूच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि हल्लीं ट्रॅक्टर दृष्टीस पडण्यापूर्वीं त्याचें गाणें कानीं पडतें. मडगार्डांवर चार स्पीकर, वर दोन भोंगे, बैठकीच्या मागें लांकडी पेटींत बसविलेले दोन बूफर आणि ह्या सर्वांस वीज पुरविणारा ॲम्प्लिफायर, असा थाट आतां पुष्कळ ठिकाणीं दिसतो. ह्या हौसेची थट्टा करावी असा आमचा हेतु नाहीं. ट्रॅक्टर चालविणारा मनुष्य रात्रीं दोन वाजतां दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढीत असतो, आणि सोबतीस त्याच्यापाशीं दुसरें कांहीं नसतें. परंतु ज्या विजेवर हें यंत्र चालतें ती कोठून येते, किती येते, आणि गाण्याखेरीज तिचे दुसरे धनी कोण, ह्याचा हिशेब ट्रॅक्टराच्या मालकानें क्वचितच केलेला असतो. तो येथें करावयाचा आहे.

गेल्या हंगामांत आमच्याच घरीं जें घडलें तें आधीं सांगतों. आमच्या पुतण्यानें तालुक्याच्या गांवीं एका दुकानांतून "तीन हजार वॅटचा" म्हणून एक ॲम्प्लिफायर आणून बसविला. पहिले आठ दिवस सर्व आनंदांत गेले. मग ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हेडलाईट मिचकावूं लागले. त्यानें तें कौतुकानें आम्हांस दाखविलें; आम्हीं तें पाहिलें आणि दुर्दैवानें सोडून दिलें. पुढच्याच आठवड्यांत फाट्यावर इंजिन मंद ठेवून ट्रॅक्टर उभा असतांना मागील ट्रॉलीचे तांबडे दिवे इतके मंदावले होते, कीं मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास ट्रॉली हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसलीच नाहीं. तो रस्त्याकडेच्या चरींत गेला व खरचटण्यावर निभावलें. ह्यानंतर चार दिवसांनीं कारखान्याच्या आवारांत नंबर लागावयास अवकाश होता, म्हणून डिझेल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करून पोरें गाणीं ऐकत बसलीं. दोन तासांनीं नंबर आला तेव्हां सेल्फ मारतांच नुसतें टक् टक् झालें. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागें असतां ट्रॅक्टरास धक्का कोण मारणार? दुसऱ्याची बॅटरी जोडून इंजिन सुरू होईपर्यंत नंबर गेला होता, तो सकाळीं नवाच्या पुढें मिळाला. ऊस तेवढा वेळ वाळत राहिला.

"काका, बॅटरी तर दिवाळीलाच नवी घातलीय की!" पुतण्याचें म्हणणें असें. आणि येथेंच सर्व गैरसमजाचें मूळ आहे.

बॅटरी वीज उत्पन्न करते असा समज सर्वत्र आहे, तो खरा नव्हे. बॅटरी हा हौद आहे. हौदांत पडणारी पंपाची धार म्हणजे अल्टरनेटर, ज्यास आपल्याकडे अजूनही डायनॅमो म्हणण्याची रीत आहे. इंजिन सुरू करण्यापुरतें पाणी हौदांतून घ्यावयाचें, आणि इंजिन चालूं झाल्यावर सर्व तोट्यांना पाणी पंपाच्या धारेंतूनच जावयाचें, शिवाय त्या धारेनें हौदही पुन्हां भरावयाचा, अशी ही योजना आहे. तोट्या धारेहून अधिक सोडल्या तर हौद कितीही नवा असो, तो रिकामा होणारच. मोठा हौद बांधला तर रिकामा होण्यास वेळ अधिक लागेल, इतकेंच. ज्यानें उन्हाळ्यांत विहिरीचा उपसा आणि झरा ह्यांचा मेळ घातला आहे त्याला हें अधिक सांगावयास नको.

आतां मापें. विजेचा दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपिअरांत, आणि दोहोंच्या गुणाकारास वॅट म्हणतात. ट्रॅक्टराची बॅटरी १२ व्होल्टांची म्हणून ओळखली जाते. तिच्यांत सहा घरें असतात व पूर्ण भरलेल्या स्थितींत प्रत्येक घराचा दाब २.१ व्होल्टांच्या आसपास, म्हणजे एकंदर १२.६ व्होल्ट भरतो. आपल्याकडील अनेक ट्रॅक्टरांवर ३६ अँपिअरांचा अल्टरनेटर आणि ७५ ते ८८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. आपल्या ट्रॅक्टरावर काय आहे तें अल्टरनेटरच्या पत्र्यावर आणि बॅटरीच्या अंगावर लिहिलेलें सांपडेल. तें प्रथम वाचून घ्यावें. ३६ अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे सुमारें ५०० वॅट. सबंध ट्रॅक्टराची विजेची मिळकत ही एवढीच, आणि तीही इंजिन चांगल्या फेऱ्यांत असतां. इंजिन मंद चालत असेल तर अल्टरनेटर निम्म्याच्या आसपास, कधीं त्याहूनही कमी देतो. हा मुद्दा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, कारण गाणें सर्वांत मोठ्यानें वाजतें तें ट्रॅक्टर उभा असतांना.

ह्या ५०० वॅटांचे पहिले धनी कोण? रात्रीच्या वेळीं ५५ वॅटांचे दोन हेडलाईट ८ अँपिअर घेतात. मागचे, बाजूचे, डॅशबोर्डाचे आणि ट्रॉल्यांचे लहान दिवे मिळून ४ अँपिअर होतात. वळण दाखविणारे दिवे सरासरी २ धरावे. मागील कामाचा दिवा लावला तर आणखी ४. एकूण १८. सेल्फ मारतांना खर्च झालेली वीज भरून काढण्यास बॅटरी पहिला कांहीं वेळ ५ अँपिअर मागते, तेव्हां २३. शिल्लक राहिले १३ अँपिअर. गाण्याच्या यंत्राचा हक्क ह्या तेरांवर आहे, छत्तिसांवर नाहीं.

मग तीन हजार वॅट कोठून येणार? ते येत नाहींतच. ॲम्प्लिफायरच्या पेटीवरचा आकडा हा बहुधा क्षणमात्र टिकणाऱ्या शिखराचा, आणि पुष्कळदां निव्वळ शोभेचा असतो. खरी परीक्षा त्याच्या मागील फ्यूजची. आमच्या पुतण्याच्या यंत्रास ४० अँपिअरांचे दोन फ्यूज होते. ८० अँपिअर गुणिले १३.५ व्होल्ट म्हणजे १,०८० वॅट. ह्याहून अधिक वीज त्या यंत्रांत फार वेळ शिरूंच शकत नाहीं, शिरली तर फ्यूज वितळेल. आणि शिरलेली सर्व वीज स्पीकरला मिळत नाहीं. जुन्या पद्धतीच्या, एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरांत पूर्ण जोरावर निम्म्याहून थोडी अधिक वीज आवाजाकडे जाते व बाकीची उष्णता होऊन त्याच्या पंख्यांच्या पत्र्यांवाटे बाहेर पडते. हात लावल्यास चटका बसतो तो ह्याच विजेचा. नव्या डी वर्गाच्या यंत्रांत ८० टक्क्यांहून अधिक वीज कामीं लागते. म्हणजे "तीन हजार" वॅटांचें तें यंत्र फार तर सहाशेंचें निघालें. दुकानदारानें फसविलें म्हणावें तर पेटीवर छापलेलेंच तो बोलला. वाचावयाचें तें आम्हींच वाचलें नाहीं.

संगीताचा जोर क्षणोक्षणीं कमीजास्त होत असल्यामुळें यंत्राची सरासरी ओढ फ्यूजच्या आकड्याइतकी नसते. ती आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धरण्याचा परिपाठ आहे. बूफरचा ठोका अखंड चालणाऱ्या गाण्यांना ती ह्याहून पुष्कळ वर जाते. तिसरा हिस्साच धरला तरी ८० अँपिअरांच्या फ्यूजाचें यंत्र २७ अँपिअर घेईल. दिव्यांचे १८ मिळवा: ४५. अल्टरनेटर देतो ३६. इंजिन जोरांत असतांनाही ९ अँपिअरांची तूट, ती बॅटरींतून जाते. ट्रॅक्टर रांगेंत मंद उभा असेल तर मिळकत १८, खर्च ४५, तूट २७. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक काढूं नये असा नियम आहे. म्हणजे हातांत ३७ अँपिअर-तास, आणि २७ च्या तुटीनें ते दीड तासाच्या आंत संपतात. येथें एक बारकावा आहे. ७५ हा आकडा २० तासांत हळूहळू, म्हणजे पावणेचार अँपिअरांच्या प्रवाहानें काढल्यासच मिळतो. झपाट्यानें काढूं लागलें कीं तीच बॅटरी पुष्कळ कमी देते. त्यामुळें दीड तास हाही उदार अंदाज समजावा. इंजिन बंद ठेवल्यास काय होतें तें वर सांगितलेंच आहे.

निम्मी रिकामी झालेली बॅटरी पुन्हां भरावयाची तर जितकी काढली त्याहून पांचवा हिस्सा अधिक घालावी लागते, आणि भरत आली कीं ती वीज सावकाश घेते. गाणें बंद ठेवून दिव्यांनिशीं चाललें तर शिल्लक वीज जेमतेम १३ ते १८ अँपिअर. तेव्हां चारसहा तास सतत चाललें तरच ती पूर्ववत् होईल. रोज रात्रीं अर्धी राहणाऱ्या बॅटरीच्या पत्र्यांवर कठीण पांढरें गंधकित धरतें, आणि तें एकदां धरलें कीं पुरतें जात नाहीं. तीन चार वर्षें चालावयाची बॅटरी वर्षांत बाद होते ती अशी. दोष मात्र बॅटरीच्या कंपनीस दिला जातो.

दिवे मंदावण्याविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण जिवाशीं गांठ तेथें आहे. तंतूच्या दिव्याचा उजेड व्होल्टांच्या प्रमाणांत उतरत नाहीं, त्याहून फार झपाट्यानें उतरतो. दाब साडेतेरावरून साडेअकरावर आला, म्हणजे पंधरा टक्क्यांनीं घटला, तर उजेड चाळीस टक्क्यांहून अधिक घटतो. त्यांतून ट्रॉलीपर्यंत गेलेली वायर बारीक, जोड गंजलेले, आणि दिव्याच्या कांचेवर धूळ. मग दुचाकीस्वारास काय दिसावें? ट्रॉलीस लाल परावर्तक पट्ट्या लावाव्या हें खरें, परंतु त्या मागच्या वाहनाचा उजेड पडला तरच चमकतात.

परीक्षा अगदीं सोपी आहे. वायरमनकडे असतो तसा साधा डिजिटल मीटर थोडक्या किंमतींत मिळतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळीं, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, बॅटरीच्या दोन टोंकांवर तो लावावा. १२.६ किंवा अधिक दिसल्यास बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खालीं उतरली असल्यास चार्जिंगला काढावी. मग इंजिन सुरू करून मध्यम फेऱ्यांत ठेवावें: १३.८ ते १४.४ दिसलें पाहिजे. न दिसल्यास पट्टा ढिला आहे, किंवा अल्टरनेटरमध्यें दोष आहे. गाण्याचा विचार त्यानंतर. शेवटीं सर्व दिवे लावून, गाणें नेहमींच्या आवाजावर ठेवून, आधीं मध्यम व मग मंद फेऱ्यांत पाहावें. १३ च्या वर राहिलें तर जमाखर्च जुळतो. १२.६ च्या खालीं गेलें तर अल्टरनेटरची मर्यादा संपली व हौद उपसला जात आहे असें निश्चित समजावें. आम्हीं पुतण्यास हें स्वतः करावयास लाविलें. मंद फेऱ्यांत मीटरनें ११.७ दाखविले तेव्हां त्यानें आपल्या हातानें आवाज कमी केला. आम्हांस बोलावें लागलें नाहीं.

उपाय म्हणून बाजारांत प्रथम सुचविला जातो तो कपॅसिटर, एक फॅरडचा चकचकीत नळकांडा. त्याचा हिशेब करून पाहा. १४ व्होल्टांवरून १२ वर उतरेपर्यंत त्यांतून २६ ज्यूल ऊर्जा मिळते. मंद फेऱ्यांतील आमची तूट २७ अँपिअरांची, म्हणजे साडेतीनशें वॅटांच्या आसपास. २६ ज्यूल तिला सेकंदाच्या चौदाव्या हिश्शाइतके पुरतात. एखाद्या ठोक्याचा धक्का तो सोसील, तूट भरून काढणें त्याच्या हातीं नाहीं. दुसरी सूचना दुसऱ्या बॅटरीची. ती निरर्थक नाहीं: इंजिन बंद असतां गाण्यासाठीं वेगळी बॅटरी, आणि दोहोंमध्यें एकीचा उपसा दुसरीस लागूं न देणारी रिले, अशी व्यवस्था असल्यास सेल्फची बॅटरी शाबूत राहते. परंतु दोन्ही हौद त्याच एका धारेनें भरावयाचे आहेत हें विसरतां कामा नये. ज्यास खरोखरच मोठें यंत्र पाहिजे त्यानें अल्टरनेटर मोठा बसवावा. मात्र त्याच्या बरोबरीनें पट्टा, कप्पी आणि बॅटरीपर्यंतची वायरही वाढवावी लागते, आणि इंजिनवर भार पडतो तो वेगळाच. ५०० वॅट विजेसाठीं अल्टरनेटर व पट्टा मिळून इंजिनाची सव्वा अश्वशक्ति घेतात, व त्यास ताशी पाव लिटरच्या आसपास डिझेल जळतें. गाणें फुकट वाजतें असें ज्यास वाटत असेल त्यानें हा आकडा हंगामाच्या तासांनीं गुणावा.

आमच्या मतें सर्वांत चांगला मार्ग वीज वाढविण्याचा नसून स्पीकर निवडण्याचा आहे. कानाचा धर्म असा, कीं वॅट दुप्पट केले तर आवाज अवघा ३ डेसिबल वाढतो, आणि तो वाढल्याचें ऐकणारास जेमतेम कळतें. आवाज दुप्पट वाटावा तर वॅट दसपट लागतात. उलट एका वॅटवर ८८ डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागीं ९४ देणारा बसविला तर वॅट चौपट केल्याचें फळ मिळतें, तेंही एका पैशाच्या विजेशिवाय. हा आकडा स्पीकरच्या कागदावर असतो. दुकानांत वॅट विचारण्याऐवजीं तो विचारावा. डी वर्गाचा, ३० अँपिअर फ्यूजचा ॲम्प्लिफायर आणि असे दोन स्पीकर इतकें ट्रॅक्टरास पुरेसें होतें, आणि त्याची १० अँपिअरांची ओढ वर काढलेल्या १३ मध्यें बसते. तरी मंद फेऱ्यांत दिवे लावलेले असतां शिल्लक जवळजवळ शून्य असते. तेव्हां रांगेंत उभें असतां आवाज उतरविणें प्राप्तच आहे.

वायरिंगविषयीं दोन गोष्टी, कारण येथें पैसे नव्हे, ट्रॅक्टरच जावयाचा. पुष्कळ ठिकाणीं ॲम्प्लिफायरची वीज हेडलाईटच्या वायरीला टोंचून घेतलेली आम्हीं पाहिली आहे. ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरींतून ३० अँपिअर ४ मीटर नेले तर जातां अर्धा व्होल्ट आणि येतां अर्धा, मिळून एक व्होल्ट वाटेंतच जातो. १६ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तोच तोटा पाव व्होल्टावर येतो. म्हणून बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत स्वतंत्र जाड वायर, आणि परतीची वायरही तितकीच जाड, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या लोखंडावर घट्ट आवळलेली किंवा थेट बॅटरीवर आणलेली असावी. दुसरी गोष्ट फ्यूज. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा फ्यूज ॲम्प्लिफायरला राखतो, वायरीला नाहीं. वायर पत्र्याच्या कडेवर घांसून तिचें वेष्टण कापलें गेलें तर बॅटरी एका क्षणांत शेंकडों अँपिअर सोडते, वायर लाल होते, आणि भोंवतीं पाचट व डिझेलचा ओशटपणा असतोच. म्हणून बॅटरीच्या टोंकापासून वीतभर अंतरावर, वायरीला झेपेल एवढ्याच आकड्याचा दुसरा फ्यूज पाहिजेच. फ्यूज गेला म्हणून त्या जागीं तांब्याची तार गुंडाळणाऱ्या मिस्त्रीस ट्रॅक्टराजवळ येऊं देऊं नये. काम करतांना बॅटरीची ऋण बाजू आधीं सोडावी व शेवटीं जोडावी, हातांतील अंगठी काढून ठेवावी, आणि भरत असलेल्या बॅटरीजवळ विडी ओढूं नये. तिच्यांतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनें भडकतो.

प्रसंगानें एक जुनी गोष्ट आठवते. मोटारींत रेडिओ बसविण्याची हौस नवी नाहीं. १९३० सालीं अमेरिकेंत गॅल्व्हिन ह्यांच्या कारखान्यानें मोटोरोला नांवानें मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला, तेव्हांही बॅटरी उतरण्याची तक्रार होतीच. पुढें १९५५-५६ च्या सुमारास तिकडील मोटारी ६ व्होल्टांवरून १२ वर गेल्या, आणि १९६० पासून डायनॅमोच्या जागीं अल्टरनेटर येऊं लागला, तो मुख्यतः मंद फेऱ्यांत अधिक वीज मिळावी म्हणून. वाढत्या विजेच्या मागणीपुढें यंत्र बदललें, परंतु मागणी त्याच्या पुढेंच राहिली.

कायद्याचीही माहिती असावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं, आणि वस्तीच्या भागांत ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे. नेमक्या ह्याच वेळांत आपल्या ट्रॉल्या गांवांतून जातात. शिवाय उघड्या ट्रॅक्टराचा आवाजच चालकाच्या कानाशीं ९० डेसिबलच्या घरांत असतो; त्यावर गाणें चढवावयाचें म्हणजे मागच्या वाहनाचा भोंगा ऐकूं येणें बंद, आणि चार हंगामांनीं कान अधू.

आमच्या ट्रॅक्टरावर आतां ३० अँपिअरचें यंत्र आहे, दोन बूफरांपैकीं एक काढून कोठींत ठेविला आहे, आणि डॅशबोर्डावर अंगठ्याएवढा व्होल्टमीटर बसविला आहे. १२.८ च्या खालीं कांटा गेला कीं गाणें बंद, असा करार पुतण्यानें स्वतःच केला. तो पाळला जातो कीं नाहीं तें रात्रीं शेतांतून ऐकूं येतेंच. ज्या सभासदांच्या ट्रॅक्टरांवर असें यंत्र आहे त्यांनीं वर सांगितल्याप्रमाणें मीटरचे चार आकडे (इंजिन बंद, मध्यम फेऱ्या, गाण्यासह मध्यम व गाण्यासह मंद), अल्टरनेटरचे अँपिअर आणि ॲम्प्लिफायरचा फ्यूज एवढें एका कागदावर लिहून आमच्याकडे पाठवावें. पुरेशीं पत्रें आल्यास निरनिराळ्या ट्रॅक्टरांचा तक्ता पुढील एखाद्या अंकीं छापूं.